औशाच्या कलाभवनाची जागा माळावर कशी गेली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही औशाचे नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा जो तो काहीतरी मागत होता. आमच्या औशाला कलाभवन मिळालं. जागा ठरवायला कमिटी झाली आणि तिच्यात मलाही घेतलं. का? तर मी बी.ए. आमच्या घराण्यात सातवीच्या वर गेलेला पहिला माणूस मीच — हे मी तेव्हा कुणी न विचारताही सांगायचो. बी.ए. राज्यशास्त्रात. इमारतीतलं मला काय कळत होतं? पण लोकांना वाटायचं, पदवी म्हणजे पदवी.

जागा दोन होत्या. एक मी मास्तर होतो त्या शाळेसमोरचं मैदान, भर वस्तीत. दुसरी पार गावाबाहेर माळावर, जिथं दुष्काळात बाभळीसुद्धा वाळल्या होत्या. शेंबडं पोरही मैदानच म्हणलं असतं.

मग मी का नाही म्हणलो? इथं जरा अडतं माझं. — माझे वडील, अण्णा, सोंगी भारूड करायचे. भांडखोर सुनेचं सोंग त्यांचं. आईचं लुगडं नेसून, मिशी तशीच ठेवून. माणसं हसून लोळायची. आणि अण्णांनी ठरवूनच टाकलेलं, "भवनात पहिलं भारूड आपलंच. तुझ्या शाळेतले समदे मास्तर पुढं बसव." मी नुकताच नोकरीला लागलेला. हेडमास्तर मला सर म्हणायचे. आता सांगा — त्यांच्यासमोर माझा बाप लुगड्यात?

कमिटी मैदान बघायला आली. मी मधोमध उभा राहिलो, दोनदा टाळी वाजवली, कान दिला आणि म्हणलो, "इथं घुमतं." आवाज घुमतो, असं म्हणायचं होतं मला. उघड्या मैदानात — ना भिंत, ना छप्पर. थाप ती थापच.

पण कमिटीतले आडतवाले मन्मथअप्पा दोन पावलं मागं सरले. "कोण घुमतं? बाई का गडी?"

त्यांना वाटलं, अंगात येऊन घुमतात तसं. जागेलाच काही बाधा आहे. तेव्हाच खुलासा करायला नको होता का? मी तर पदवीधर. पण मी हळूच म्हणलो, "बाई."

पाच मिनिटांत मैदान रिकामं.

भवन माळावर उभं राहीपर्यंत दुसरा दुष्काळ आला. अर्ध्या भवनात गुरांच्या छावणीचा कडबा रचलेला. उरलेल्या अर्ध्यात अण्णांचं भारूड झालं — भर दुपारी, कारण संध्याकाळी तिकडं बस नव्हती. मी ताप आल्याचं सांगून घरी पडून राहिलो. बघायला छावणीवरची चार माणसं होती म्हणे, आणि त्यांची बैलं.

अण्णा परत आले ते गालावरच्या पावडरीसकट. माझ्या कपाळाला हात लावला.

"लांब पडतं म्हणून लोकं आली न्हाईत रे. पण जागा लई मोकळी. समद्यांना सांगून आलो, माझ्या पोरानं निवडली."

मी "हाव" म्हणलो आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

अण्णा आता नाहीत. त्यांचं भारूड माझ्या शाळेतल्या एकाही मास्तरानं पाहिलं नाही. मी पाहू दिलं नाही.