आईच्या नावावरची क्षमा

पाटील चपला घालून चर्चमध्ये आला. आम्ही सगळे चपला दाराबाहेर काढून जमिनीवर बसलेलो. त्याच्यासाठी पाळकसाहेबांनी स्वतःच्या घरची खुर्ची आणून ठेवली होती, रुमालानं पुसून. तो बसला, पायावर पाय टाकला आणि आईला पुढं बोलावलं गेलं.

आईच्या उजव्या मनगटाला फळी बांधलेली, हात गळ्यात अडकवलेला. पदर धरायला एकच हात.

“सगुणाबाई, म्हणा,” पाळकसाहेब म्हणाले. “मी पाटीलसाहेबांना ख्रिस्ताच्या नावानं क्षमा केली.”

आई खाली बघून म्हणाली, “केली.”

“पूर्ण म्हणा.”

आईनं पूर्ण म्हटलं. अडखळत. मग त्या खुर्चीच्या हातावर कागद ठेवला, तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली आणि फिर्याद मागं घेतल्याचं लिहून झालं. पाटील उठला. जाता जाता आईकडं न बघता बोलला, ते शब्दाला शब्द सांगते.

“बरं. म्या बी तुला माफ केलं. पुन्यांदा हिरीला हात लावू नगंस.”

मागून कुणीतरी “आमेन” म्हणालं. कोण म्हणालं ते मला आजवर कळलेलं नाही.

चोर तो चोर, वर शिरजोर. ज्यानं हात मोडला तो माफ करून गेला, आणि जिचा मोडला तिचा अंगठा कागदावर.

आमचं गाव म्हसवडच्या अलीकडं. दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या वस्तीचा आड कधीच आटलेला. टँकर यायचा, पण आधी गावात, मग आमच्याकडं, आणि आमच्याकडं पोचेपर्यंत टाकीत गाळ उरायचा. पाटलाच्या रानातल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. त्याच्या म्हशी त्यावर पीत होत्या. आईनं भर दुपारी तिथं दोर सोडला आणि एक कळशी शेंदली. एक. पाटलानं बघितलं. कळशी हिसकून पाणी तिच्यासमोर मातीत ओतलं, केसाला धरून तिला चावडीपर्यंत ओढत नेलं आणि सगळ्यांदेखत मनगटावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज चावडीच्या पारावर बसलेल्यांना ऐकू गेला, असं त्यांच्यातलेच सांगत होते. उठलं मात्र कुणी नाही.

माझा आजा मेलेली ढोरं ओढायची नाहीत म्हणून ख्रिस्ती झाला होता. ढोरं सुटली. बाकी सगळं होतं तिथंच राहिलं. गावाच्या लेखी आम्ही महारच.

मी तेव्हा बावीस वर्षांची, सांगलीत विश्रामबागेला एका ऑफिसात टायपिस्ट. बाप नव्हता, भाऊ नव्हता. निरोप आल्यावर गेले, आईचा हात बघितला. परत येऊन ऑफिसच्या मशीनवर, कुणाला न विचारता, फिर्याद टाइप केली. दोन कार्बन घालून तीन प्रती. एक ओळ तीनदा मारावी लागली. आईला घेऊन चौकीत गेले. हवालदारानं वाचून विचारलं, “जात?”

“ख्रिस्ती.”

“मग शिवाशिवीचं कलम तुमाला कसं लागंल? तुमच्यात जातपात नसती ना?”

पाटलाला आमची जात पक्की ठाऊक होती. विहिरीला ठाऊक होती म्हणा ना. सरकारला तेवढी ठाऊक नव्हती. शेवटी नुसती मारहाण म्हणून फिर्याद घेतली. पण घेतली. आईच्या जन्मात तिच्या बाजूनं कागद झाला तो हा पहिलाच.

आणि तो कागद आमच्याच माणसानं फाडायला लावला.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आदल्या शनिवारी तयारीची सभा. कुणाच्या मनात कुणाविषयी वैर असेल तर ते शनिवारी मिटवायचं, नाहीतर रविवारी मेजाकडं हात पुढं करायचा नाही. चांगली रीत आहे. जावा-जावांची भांडणं तिथं मिटलेली मी पाहिलीत. पण पाळकसाहेबांनी सांगितलं, पोलिसात फिर्याद म्हणजे वैर. ती मागं घेत नाही तोवर सगुणाबाईंना मेजावर जागा नाही. दोन महिने आईला मागं बसवलं. भाकर आणि प्याला सगळ्यांसमोरून फिरला, तिला वगळून.

हे तिला किती लागलं हे कळायला तिचं जगणं माहीत पाहिजे. आईला आयुष्यभर सगळं वरून टाकलेलं मिळालं. पाणी वरून ओतलेलं, मजुरी पदरात टाकलेली, दुकानदारानं मीठसुद्धा लांबून फेकलेलं. प्रभुभोजनाला मात्र पाळक तिच्या तळहाताला बोट लावून भाकर ठेवायचा. प्याला एकच, सगळ्यांच्या ओठाचा, आणि तिच्यानंतर दुसरं कुणी तो न पुसता तोंडाला लावायचं. महिन्यातून एकदा ती माणूस व्हायची. त्यांनी तिला नेमकं तिथं धरलं.

मी पाळकसाहेबांच्या ओट्यावर जाऊन भांडले. “पाटलानं क्षमा मागितली का?”

“प्रभूनं वधस्तंभावरनं दिली, ती कुणी मागितली होती?”

“शास्त्रात असंबी हाय की भावाला आधी दटावा, पस्तावला तर क्षमा करा. ते पान तुमी कवा वाचत न्हाई.”

मग पाळकाची भाषा गळून पडली आणि आमच्याच वस्तीतला माणूस बोलायला लागला. “तू सांगलीला निघून जाशील गं पोरी. आमाला हितंच ऱ्हायचंय. बावीस घरं हायती. चर्चची वाट त्याच्या रानातनं जाती. उद्या त्यानं काटं लावलं तर कुठनं जाऊ?”

मला त्यांचा संताप आला. आणि ते खोटंही बोलत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो त्यांनाही होता. पण स्वतःच्या भीतीला त्यांनी देवाचं नाव दिलं, ते मी विसरले नाही.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, “दिऊ दे अंगठा. अंगठ्यानं काय हुतंय?”

“आये, हात मोडलाय तुझा.”

“व्हय. पर मला मेजावर जायचंय गं. दोन म्हयनं झालं. मला भूक लागल्यागत हुतंय.”

ती शनिवारी गेली आणि पाटलाची माफी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी तिच्या शेजारी उभी. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. आईचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर असायचा, अक्षर येत नव्हतं पण पाठांतर पक्कं. आम्ही दुसऱ्यांचे अपराध सोडले तसे आमचेही सोड, अशा अर्थाची एक ओळ आहे. ती आली आणि आई थांबली. ओठ मिटलेले. ओळ संपली, आई पुढच्या शब्दापासून परत मोठ्यानं म्हणायला लागली.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

मग भाकर आली. आईनं डावा हात पुढं केला, पाळकसाहेबांनी तळहातावर तुकडा ठेवला. ती खाताना रडत होती. ते माझ्यापुढं आले. मी हात मागं बांधले.

“का?” ते हळू म्हणाले.

मी हळू नाही बोलले. “माझ्या मनात वैर हाय, पाळकसाहेब. वैर असल त्यानं हात पुढं करू नये, तुमीच सांगितलंय. मी न्हाई करत.”

प्याला माझ्यासमोरून पुढं गेला. त्यानंतर मी तो कधीच घेतला नाही.

कुणाला वाटेल यानं काहीतरी बदललं. काही बदललं नाही. पाऊस झाला, आडाला पाणी आलं, आणि पाटलाची विहीर आमच्यासाठी होती तशीच राहिली. आईचं मनगट वाकडं जुळलं. भाकरी थापता येईना, थापली तर एका बाजूनं जाड व्हायची. मी रजा मिळेल तशी गावी यायची, रविवारी तिच्या शेजारी उभी राहायची. चार वर्षं ती त्या ओळीला गप्प राहिली. एकदाही चुकली नाही. मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

चार वर्षांनी आई गेली. तापाचं निमित्त. आमची कबरीची जागा पाटलाच्या बांधाला लागून. तो बांधावर येऊन उभा राहिला, हात जोडून. पाळकसाहेब शवपेटीपुढं बोलायला लागले. बाई कष्टाळू होती, श्रद्धाळू होती. मग म्हणाले, “सगुणाबाईंनी आपल्या शत्रूलाही क्षमा केली आणि निर्मळ मनानं प्रभूकडं गेल्या.”

“न्हाई,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“तिनं केली न्हाई. तुमी तिच्या तोंडात घातली. चार वर्सं ती त्या ओळीला मुकी उभी ऱ्हायली, तुमच्या समोर. तुमाला ऐकू आलं न्हाई?”

“पोरी, मातीपुढं असं बोलू नये.”

“मातीपुढंच बोलतीया. आता ती अंगठा द्यायला न्हाई.”

पाटलानं बांधावरून विचारलं, “काय म्हंती ती?” मीच त्याच्याकडं वळले. “तुमाला क्षमा झालेली न्हाई, पाटील. करणारी गेली. आता मागितली तरी मिळणार न्हाई.”

पाटील हसला. वळून आपल्या रानात गेला. त्याचं काही बिघडलं नाही, आणि बिघडणारही नाही, हे मला ठाऊक आहे.

सूड मी घेणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही, आणि त्याच्या रानाला काडी लावून माझ्या आईचं मनगट सरळ होत नाही. सूड देवाचा म्हणतात, तर देवानं बघावं. पण क्षमा देवाची नव्हे, जिला मारलं तिची. ती तिनं दिली नाही. फिर्यादीची कार्बन प्रत माझ्या ट्रंकेत आहे. मागं घेतल्याचा कागद पाटलाकडं असेल, असू दे. मी जिवंत आहे तोवर, माझ्या आईच्या नावावर दुसऱ्या कुणी आमेन म्हणायचं नाही.