आवाजाची वही

गाडीच्या आवाजासाठी मी वेगळी वही केली होती. तारीख, वेळ, गिअर, रस्ता, इंजिन थंड की गरम, गाडीत माणसं किती, असे सहा रकाने. नवरा म्हणाला, "माह्या बीपीची इतकी नोंद नाई ठेवत तू." बीपी खडखडत नाही, असं मी त्याला सांगितलं.

आवाज पुढून, डाव्या बाजूने यायचा. खड्ड्यात वाढायचा. तो मे महिना होता आणि गुरुवारी सकाळी चंद्रपूरला बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. बाबा भामरागडच्या पुढे, भावाकडे. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याला ताटातला भात दिसेना. तारीख हुकली तर पावसाळा, म्हणजे रस्ता बंद, म्हणजे दिवाळीपर्यंत अंधार. आणि जंगलात, जिथे फोनला रेंज नाही तिथे इंजिन बसलं तर काय, याची यादी मी केलेली होती. तीत उपाय एकही नव्हता.

सिंदेवाहीच्या मिस्त्रीकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा गाडी गप्प.

"बाई, मस्त चालून राह्यली गाडी."

मी वही वाचून दाखवली. पेशंटच्या नातेवाइकाचं ऐकावं तसं त्याने ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी, सोमवारी, वहीने आपलं काम केलं. तो म्हणाला, "तुम्ही इतकं लिहून ठेवलं म्हणजे आवाज असनच. इंजिन खोलून टाकू. पाच दिवस लागन."

जो आवाज त्याने ऐकलाच नव्हता त्यासाठी तो इंजिन खोलणार होता. पाच दिवस म्हणजे गुरुवार गेला.

"भाऊ, एक चक्कर मारू, मग खोला," मी म्हटलं.

काचा वर करून निघालो. पेट्रोल पंपापर्यंत तो घामाने निथळला.

"बाई, पंखा काऊन बंद केला?"

"तुम्हाला आवाज नीट ऐकू यावा म्हणून." प्रत्येक वेळी गॅरेजच्या वळणावर मी तो आठवणीने बंद करत होते.

त्याने हात पुढे करून पंखा चारवर केला. खडखड. बंद केला, शांतता. पुन्हा चालू, पुन्हा खडखड. हे त्याने चारदा केलं. दोनदा पुरलं असतं.

मे महिन्यात पंखा कायम चालूच, म्हणून वहीत त्याला रकाना नव्हता.

डॅशबोर्डचा डावा खण काढून त्याने पंखा बाहेर घेतला आणि माझ्या ओंजळीत चाराच्या बिया ओतल्या. याच फोडून आपण चारोळी काढतो.

"उंदीर असन," तो म्हणाला.

उंदीर नव्हता. दरवर्षी मी चाराची फळं धुऊन बिया वाळवते. अंगणात कोंबड्या. गाडीचं बॉनेट मात्र उंच, स्वच्छ, तापलेलं आणि दिवसभर बेकार, म्हणून त्यावर चादर घालून बिया पसरायची सोय यंदा मीच लावली. वाऱ्याने चादरीचं टोक उलटलं की बिया काचेखालच्या जाळीतून आत. घरकामाच्या वहीत ते लिहिलेलंही होतं: 'बॉनेट, चार, सकाळी नऊ.' दोन्ही वह्या एकाच फळीवर असतात.

"उंदीरच म्हणा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, एक बी दाताखाली फोडली आणि चारोळी खाल्ली. "उंदीर चांगला वाळवते, बाई."

मंगळवारी निघाले, बुधवारी बाबांना घेऊन परतले. आलापल्लीच्या अलीकडे ते म्हणाले, "माय, मागं काहीतरी खडखडून राह्यलं."

मागे त्यांनीच दिलेलं पोतं होतं, चाराच्या बियांचं. मी गाडी थांबवली, पोत्याचं तोंड करकचून बांधलं, आणि गुरुवारी वेळेच्या अर्धा तास आधी आम्ही दवाखान्याच्या बाकावर होतो.