गिअरच्या दांडीतली थरथर

माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, चोपड्यात राहतात. त्यांचं शेत गावापासून नऊ किलोमीटरवर, सातपुड्याच्या बाजूला आहे. त्यातले सहा किलोमीटर डांबरी, उरलेले तीन मातीचे, आणि त्या तिनाच्या मध्ये एक नदी. नदी म्हणजे वर्षातले बरेच महिने नुसती वाळू आणि गोटे, आणि पलीकडे एक उभा चढ. त्यासाठी नानांनी फार पूर्वी चारही चाकं ओढणारी एक लहान पेट्रोल गाडी घेतली होती. तिला दरवाजे कापडाचे. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या न्यायच्या, वरच्या पाड्यावरून कामाला येणाऱ्या बायांना संध्याकाळी पोचवायचं, सगळं तिच्यावर.

गेल्या काही वर्षांत नानांचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आहे, पण उघड्या गाडीत वारा लागला की ते नुसतं खरखरतं, म्हणून गाडीत बसताना नाना ते काढून खिशात टाकतात. मग एक अडचण सुरू झाली. गाडी चालू आहे की बंद, हे त्यांना कळेना. चालू गाडीवर पुन्हा चावी फिरवायचे, आणि दातावर दात घासल्यासारखा कर्र आवाज सगळ्या बाजाराला ऐकू जायचा, फक्त नानांना नाही. इंजिन किती ओरडतंय ते कळत नसल्यामुळे क्लच अर्धा दाबून गाडी नुसतीच रेटायचे. क्लचप्लेट दोनदा जळली. इंजिन बंद पडलं की डॅशबोर्डवर लागणारा लाल दिवा बघत जा, असं त्यांचा मुलगा सांगायचा. भर उन्हात तो दिवा दिसत नाही, आणि गाडी चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा की दिवा?

शेवटी एके दिवशी नदीच्या चढावर गाडी मध्येच बंद पडली. नाना ॲक्सिलरेटर दाबत राहिले आणि गाडी मागे घरंगळत वाळूत येऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. पण मागे दोन बाया बसलेल्या होत्या, त्यांच्याकडून ही गोष्ट वहिनींपर्यंत पोचली, आणि वहिनींनी चावी मागितली.

मी जळगावहून गेलो तेव्हा घरात हाच विषय होता. नानांचं म्हणणं एकच, गाडीत डिझेल इंजिन बसवा.

माझं काम पाणीपुरवठ्याची अंदाजपत्रकं तपासण्याचं. आकडा दिसला की तो पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी दिवसाचं अंतर, वर्षाचं डिझेल, कामाचा खर्च असं सगळं मांडलं आणि नानांना त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की या गाडीच्या उरलेल्या आयुष्यात हा खर्च निघणार नाही.

नाना म्हणाले, "तुना हिशोब बरोबर शे, बापू. पन मी तुले हिशोब कव्हय इचारा?"

मला हाताला धरून ते शेजारच्यांच्या अंगणात घेऊन गेले. तिथे ट्रॅक्टर नुसताच चालू ठेवलेला होता. माझा तळवा त्यांनी त्याच्या मडगार्डवर टेकवला.

"हात ठेव आठे. काय म्हनस ते?"

मडगार्ड धडधडत होतं. ती धडधड कोपरापर्यंत येत होती.

"हाई बोलस," नाना म्हणाले. "मनी गाडी मुकी व्हई गयी."

मागून वहिनी आल्या होत्या. त्यांनी नानांच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, "गाडी मुकी नही. तुम्ही बहिरा शेतस."

नाना हसले. पण त्यातूनच ठरलं. डिझेल बसवायचं. बसवल्यावर गाडी चालू आहे की बंद, हे नानांना नुसतं बसून सांगता आलं तर चावी त्यांच्याकडे. नाही आलं तर त्यांनी ती आपल्या हातानं वहिनींना द्यायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. नानांनी लगेच मान हलवली. मला मात्र त्या मान हलवण्याची भीती वाटली, कारण शेतात रोज स्वतःच्या हातानं जाण्यापलीकडे त्यांना दुसरं काही नको असतं, हे मला ठाऊक होतं.

इंजिन बदलण्याआधी आरटीओची लेखी परवानगी आणि नंतर तपासणी करून नोंदणीच्या पुस्तकात नोंद, हे सोपस्कार मी अंगावर घेतले. परवानगी हातात येईपर्यंत कुणाला पान्याला हात लावू दिला नाही. अपघातात मोडलेल्या एका लहान मालवाहू गाडीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन धुळ्याच्या भंगार बाजारात कागदांसकट मिळालं. काम जळगावातल्या एका मिस्त्रींकडे दिलं. त्यांना सगळे चाचा म्हणतात. हात चांगला, आणि तो चांगला आहे हे स्वतःच दिवसातून चारदा सांगायची सवय.

त्या कामात मी रमलो. जुनं इंजिन साखळीच्या कप्पीवर टांगून उतरवलं, तेव्हा मी ते तोलायला लावलं. नवंही तोललं. नवं त्रेपन्न किलोनं जड निघालं. एवढं वजन पुढच्या चाकांवर येणार म्हणून पुढच्या दोन्ही कमानींत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक जादा पाटा घालायचा ठरला. इंजिनाचं तोंड आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नव्हती, म्हणून मध्ये बसवायला लेथवर एक जाड पोलादी चकती करून घेतली. तिचं मधलं भोक केसभर जरी सरकलं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट वाकडा फिरून लवकर मरतो. चाचांनी ती तीनदा मोजली आणि मी चौथ्यांदा. पंख्याला रेडिएटर लागत होता, तो दोन बोटं पुढे घेतला.

मग फाउंडेशनचा प्रश्न आला. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर ज्या रबरांवर टेकतात, त्याला मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. डिझेलची धडधड जास्त, म्हणून रबरं चांगली हवीत, असं चाचा म्हणाले. मीही म्हणालो, चांगलीच घाला. पुढे दोन आणि गिअरबॉक्सखाली एक, अशी तिन्ही नवी, मऊ, जाड रबरं आम्ही निवडून आणली.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा चाचांनी चहाचा भरलेला ग्लास बॉनेटवर ठेवला.

"एक थेंब बाहेर आला ना भाऊ, तर पाना खाली ठेवून देईन. देखो. मख्खन!"

चहावर साय होती, तीसुद्धा हलली नाही. मी ग्लासाकडे बघत राहिलो. मोजून केलेलं काम बरोबर उतरलं की जे समाधान होतं, ते मला झालं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचा माझा हात त्या वेळी मला आठवला नाही. आठवायला हवा होता.

नोंदणीचं पुस्तक ताब्यात आल्यावर गाडी चोपड्याला नेली. वाटेत ती छान ओढत होती. मी अंगणात उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरलो. वहिनी ओट्यावर होत्या, मुलगा-सून दारात. नानांनी यंत्र काढून खिशात टाकलं, सीटवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग खाली वाकून चावी फिरवली.

कर्र.

नानांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी हात गिअरच्या दांडीवर ठेवला, मग सीटच्या पत्र्यावर, मग पुन्हा दांडीवर.

"मेलेल शे हाई," ते हळूच म्हणाले.

गाडी बंद करून ते उतरले आणि ओट्यापर्यंत चालत जाऊन त्यांनी चावी वहिनींच्या समोर धरली. वहिनींनी लगेच हात पुढे केला नाही. जी गोष्ट त्या इतके दिवस मागत होत्या, ती समोर आल्यावर त्या चावीकडे नुसत्या बघत राहिल्या. मग घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली.

मी म्हणालो, "वहिनी, ही परीक्षा धरू नका. नाना नापास झाले नाहीत. मी गाडीच चुकीची करून आणली."

"आते आखो काय करशात?" वहिनी म्हणाल्या, पण चावी सोडून माझ्या हातात दिली. "एक डाव. मंग नही."

चाचांना सांगितलं तेव्हा ते खरंच चिडले. "लोक माझ्याकडे थरथर घालवायला येतात, भाऊ. परत बसवून द्या म्हणणारे तुम्ही पहिले. बाहेर जाऊन सांगू नका हां, गॅरेज बंद पडेल माझं."

मी नानांच्या कानांचं सांगितलं. ते आधी का सांगितलं नाही, असं चाचांनी विचारलं. तिन्ही रबरं कडक केली तर सांगाड्याला तडे जातील आणि दिव्यांच्या तारा सुटतील, असं त्यांचं मत पडलं, आणि ते मला पटलं. मग पुढची दोन तशीच मऊ ठेवली. गिअरबॉक्सखालचं एक काढून तिथे कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्राच्या जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे एकावर एक दाबून बसवले. एक थर घातला, दांडीवर हात ठेवून पाहिलं. एक वाढवला, पुन्हा पाहिलं. या वेळी मी कानात कापसाचे बोळे घातले होते. चाचा बाजूला उभे राहून आपल्या पोरांना डोळा मारत होते, पण शेवटी त्यांनीही एका कानात बोट घालून दांडी धरली आणि म्हणाले, "हां. आता बोलते."

दुसऱ्या खेपेला परीक्षा वहिनींनी स्वतः घेतली. नानांना डोळे मिटायला लावले, हात दांडीवर. स्वतः शेजारच्या सीटवर बसून चावी फिरवायला लागल्या.

"चालू शे," नाना म्हणाले.

वहिनींनी बंद केली.

"बंद."

पुन्हा चालू, पुन्हा बंद. सगळं बरोबर. मग वहिनींनी चावीला हातच लावला नाही, नुसत्या बसून राहिल्या. नाना थांबले, कपाळाला आठी घातली.

"तू काहीच करं नही."

सून मोठ्यानं हसली. वहिनींनीही तोंडाला पदर लावला. चावी गाडीलाच राहिली.

पण त्या रात्री जेवताना नाना आपण होऊन बोलले. "डांबरवर मी नही. मांगून कोन भोंगा वाजाडस, ते हातले समजत नही."

वहिनींनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आता गाडी डांबर जिथे संपतं तिथल्या एका ओळखीच्या माणसाच्या पडवीत उभी असते. नाना तिथपर्यंत काळ्यापिवळ्या जीपमधून, दहाबारा जणांत दाटीवाटीनं बसून जातात. नऊपैकी सहा किलोमीटर त्यांनी सोडले, तीन ठेवले. हिशेब त्यांनीच केला आणि मला पडताळायला दिला नाही.

परवा मी त्यांच्याबरोबर गेलो. पडवीत त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं, चावी फिरवली आणि तळवा दांडीवर टेकवून क्षणभर थांबले. मग निघालो. नदीच्या वाळूत गाडी जड झाली, पलीकडचा चढ सुरू झाला. मी इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो. ते दबतंय असं मला वाटायला लागलं, तोवर नानांनी गिअर खाली घेतलाही होता.

बांधावर पोचल्यावर त्यांनी चावी काढली, हात दांडीवर तसाच ठेवला.

"बंद," ते स्वतःशीच म्हणाले, आणि खिशातलं यंत्र शोधायला लागले.