अण्णांची खूण

अण्णांकडे गेलं की पहिला प्रश्न, "जेवलीस?" आणि उत्तराची वाट न बघता हुकूम, "सरी, फुंक!"

बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर राहायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं: 'बरं'ला 'सरी', पोरीला 'पुट्टी'. कारखान्याच्या बँडमध्ये जन्मभर ट्यूबा, म्हणजे ते भलंमोठं पितळी फुंकवाद्य, वाजवलेला माणूस. मी नोकरीसाठी पुण्याहून आलेली आणि हौसेनं ट्यूबा घेऊन बसलेली. "घरात म्हैस बांधलीय का?" असं शेजारी विचारायला लागले, तेव्हा मी रडत अण्णांकडे गेले.

"रडतेस काय, पुट्टी? तिचं तोंड बांधू की!"

त्यांनी प्लॅस्टिकच्या कुंडीतला गवती चहा उपटला, कुंडीचं बूड कापलं, वरच्या तोंडाला प्लायवूड ठोकलं. मग स्वतःच्या पायातली रबरी चप्पल काढून तिच्या पट्ट्या कापल्या आणि कुंडीला बाहेरून चिकटवल्या. "वाऱ्याला स्वल्प फट ठेवायची. अगदीच गळा दाबला तर वाद्य काय, माणूस पण मरतो." कुंडी ट्यूबाच्या तोंडात बसली आणि म्हैस गप्प झाली. शेवटी त्यांनी सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढली, तिथे लाल नेलपॉलिशची रेघ मारली. "ही खूण सोडायची नाही." अनवाणीच मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. काय माया वाटली होती तेव्हा!

शहरातल्या वाद्यवृंदाला ट्यूबावाला हवा होता. जागा एकच. मी वर्षभर त्या जागेसाठी कुंडी लावून रियाज केला. निवडीच्या दिवशी अण्णा जुने वादक म्हणून परीक्षकांशेजारी बसले होते, त्यांचा भाचाही वाजवायला आला होता. मी कुंडी काढली, नळी खुणेवर आहे ना ते पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. म्हणाले, "सरी, फुंक!"

पियानोपुढे माझा एकेक सूर खाली पडत गेला. मला ऐकू येत होतं. पण खूण अण्णांची, ती कशी चुकेल? मेले माझे ओठच आज दगा देतायत असं वाटलं. जागा भाच्याला मिळाली. नंतर एका परीक्षकांनी समजावलं, की कुंडीनं सूर चढतो म्हणून नळी बाहेर ओढतात. कुंडी काढली की नळी परत आत ढकलायची. बँडमधल्या कोणालाही हे ठाऊक असतं.

मी तडक अण्णांच्या दारात. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, पुट्टी. तुला नोकरी आहे. त्याला दुसरं काय येतंय?"

"विसरलो" म्हणाले असते, तर मी हसत हसत विश्वास ठेवला असता. एवढं खोटंसुद्धा ते माझ्यासाठी बोलले नाहीत.