बोर्डावरचा रिकामा खिळा

माझं माहेर मोहाडीकडचं, धानाचं. तिथे राबणारा माणूस बांधीत, उघड्या शेतात, दिसतो तरी. लग्न होऊन मँगनीजच्या खाणीवर आले, आणि इथे तर जमीनच माणूस गिळायची, बाई!

खाणीच्या गेटजवळ लाकडी बोर्ड होता. प्रत्येकाचा एक खिळा, खिळ्यावर पितळी बिल्ला. खाली उतरताना बिल्ला सोबत न्यायचा, वर आलं की खिडकीतल्या काकांच्या हाती द्यायचा. तोंड पाहिल्याशिवाय काका बिल्ला खिळ्याला लावत नसत. आम्ही बाया नळावरून येताना बोर्डाकडे बघायचो. आपला खिळा भरलेला दिसला की घरी जाऊन भात टाकायचा.

ऐंशीनंतर कंपनीने कम्प्युटर आणला. नागपूरचे साहेब म्हणाले, खर्च कमी करायचाय. बोर्ड काढला, काकांना घरी बसवलं. आता गेटवरच्या खणात प्रत्येकाचं कार्ड ठेवलेलं असे. जाता-येता ते मशीनमध्ये घालायचं. कोण आत, कोण बाहेर, ते कम्प्युटर सांगणार. आमच्या माणसांनी लगेच युक्ती काढली. रांग नको म्हणून टोळीतला एकच जण सगळ्यांची कार्डं घालायचा.

"मशीनले तोंड थोडीच दिसते!" आमचे हे हसायचे.

एका संध्याकाळी सगळे परतले, हे नाही. मी गेटवर धावले. चौकीदार आत जाऊन विचारून आला.

"वहिनी, कम्प्युटरात तं बाहेर गेला दाखवते. दारूच्या भट्टीवर पाहा."

मेल्याला काय सांगू! तरी गेले भट्टीवर. तिथे नव्हते. तशीच यांच्या टोळीतल्या शेजाऱ्याच्या दारात उभी राहिले. ते जेवत होते.

"भाऊजी, यांचं कार्ड कोनं टाकलं?"

त्यांचा घास हातातच राहिला. "मीच टाकलो वो. तो मागून येऊनच राहिला होता..."

उष्ट्या हातानेच ते खाणीकडे पळाले. माणसं खाली उतरली. मी गेटची सळई धरून उभी होते. बायका काहीबाही बोलत होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं. देवाचं नावसुद्धा आठवेना, इतकी भ्याले होते.

यांना वर आणलं ते झोळीत घालून. वरचा दगड सुटून पायावर बसला होता, दिवा फुटला होता. पण जीव होता.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी हे बोलले. आवाज पार बसलेला.

"पहिले तं मी भ्यालोच नाही. म्हटलं, माझा खिळा रिकामा हाय. काका आता बोंब मारतील, मानसं येऊनच राहिली असतील. निवांत पडून होतो."

मी पाण्याचा चमचा तोंडाशी धरला. त्यांनी तो बाजूला केला.

"मंग ध्यानात आलं, बोर्ड तं काढला. तवा वरडाले लागलो."