नाकाबंदीतलं लुगडं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही झेलले. पण एक घटना अशी आहे, की ती मी विसरू म्हटलं तरी मला विसरू देत नाही. त्या गुन्ह्यात रक्त नव्हतं, चोरी नव्हती. एक भाऊ बहिणीच्या अंत्यविधीला निघाला होता आणि त्याला वाटेत अडवणं ही माझी ड्यूटी होती, एवढंच. नावं सांगत नाही. त्या घरांनी पुष्कळ सोसलं आहे.

महामारीचं पहिलं वर्ष, उन्हाळ्याचे दिवस. मी धुळ्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निम्मा स्टाफ नाकाबंदीला, काही जण विलगीकरणात. सकाळची हजेरी आवारात, लिंबाखाली अंतर ठेवून व्हायची. आरोपीला आत घेण्याआधी त्याचा ताप बघायचा, असा उलटा जमाना आला होता. त्या दिवसांत खबरी पोसायची गरज उरली नव्हती. अख्खा जिल्हाच खबरी झाला होता. कोण कोणाच्या ओट्यावर बसलं, कोणाकडे मुंबईचा पाहुणा उतरला, सगळ्याचे फोन यायचे.

शहरातल्या देवपूर भागातल्या एका वसतिगृहात बाधितांना ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरांचा ठाण्यात फोन आला, की एक रुग्ण भिंत ओलांडून पळाला. रुग्ण म्हणजे जवळच्याच एका खेड्यातला वेल्डर, चाळिशीच्या आतला. अहवाल पॉझिटिव्ह, पण ताप नाही की खोकला नाही. अशी माणसंच जास्त धोक्याची, असं आम्हाला वरून सांगितलेलं होतं. मी गुन्हा नोंदवायला सांगून जीप काढतो तोच दुसरा फोन आला. बोलणारा वेल्डरच्याच गावचा होता. "साहेब, तो गावात आला होता. मोटारसायकल घेऊन गेला. आम्हाला मारतो आता सगळ्यांना." नाव विचारलं तर फोन ठेवला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते त्या वर्षी गावोगाव पाहिलं.

वेल्डरच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको दारात उभी होती. शेजारपाजारची दारं बंद, पण फटींतून डोळे लागलेले. आम्ही अंगणात लांब उभे राहिलो. चौकशीची ही काय पद्धत? आरोपीचा, साक्षीदाराचा चेहरा जवळून वाचायचा असतो. इथे अर्धा चेहरा फडक्याखाली.

"कुठे गेले?"

"माले माहीत नही."

"अक्का, ते पॉझिटिव्ह आहेत. उद्या दहा घरं आजारी पडली तर कोणाला जबाबदार धरायचं?"

यावर ती रडायलाच लागली. मग तुटक तुटक कळलं. वेल्डरची धाकटी बहीण चोपड्याकडच्या एका गावी दिलेली. सकाळी ओल्या हाताने कूलरला लागली आणि शॉकने जागीच गेली. पदरात दोन लहान मुलं. प्रेत शवविच्छेदनाला नेलं होतं, दुपारपर्यंत गावात येणार होतं. वसतिगृहात वेल्डरला फोन आला. त्याने डॉक्टरांच्या हातापाया पडून सुटी मागितली. ती मिळणं शक्य नव्हतं. मग त्याने भिंत ओलांडली.

चोपड्याला जातो आहे हे कळलं, पण कोणत्या रस्त्याने? अमळनेरच्या डांबरी रस्त्यावर आमची नाकाबंदी होती. तिथे तो येणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल. शेतातून जाणाऱ्या गाडरस्त्यांना मात्र तोटा नाही. सगळे अडवायला माझ्याकडे माणसं कुठून येणार?

मी स्वतः खान्देशातलाच. आमच्याकडे लेक सवाष्ण गेली, तर माहेरचं हिरवं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भाऊ कितीही लांब असो, त्याची वाट बघतात. सासर कितीही श्रीमंत असलं तरी ते लुगडं सासरच्यांनी आणून चालत नाही. म्हणजे हा माणूस रिकाम्या हाताने जाणार नव्हता. आणि कापडाची दुकानं तर महिनाभर बंद होती.

मी विचारलं, "अक्का, तुमच्या घरी लग्नाकार्याचं कापड कोणाकडून येतं?"

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "सायेब, मना नणदना अंगवर माहेरनं लुगडं पडाले नको का?" आणि तिने अमळनेरच्या अंगाला असलेल्या एका गावाचं नाव सांगितलं.

त्या गावात कापडवाले आबा होते. सत्तरी ओलांडलेले, पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या गावांना बस्ता पुरवणारे. दुकानाचं शटर बंद, पण मागच्या दाराची कडी नुसती अडकवलेली. मी विचारताच आबांनी वेल्डरला लुगडं दिल्याचं कबूल केलं. लपवाछपवी केली नाही.

"आबा, बंदी आहे माहीत नव्हतं का?"

"माहीत व्हतं. लगीननं कापड मांगं असतं ते परत धाडं असतं. मराननं लुगडं मांगाले उना, तेले दुकान बंद शे आसं कसं सांगू?"

"तो बाधित आहे, हे त्याने सांगितलं?"

"हा, सांगं ना. दूर उभा ऱ्हाय, म्हने. पन तो रडी ऱ्हायंता सायेब. मी तेना पाठवर हात ठेवा."

आबांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं, आरोग्य खात्याला कळवलं. त्या गावातून अमळनेरकडे एकच गाडरस्ता निघतो. नाक्यावरच्या पथकाला बिनतारी संदेश दिला, की अर्धे जण त्या रस्त्याच्या तोंडाशी जा. आम्ही पोचलो तेव्हा जिल्ह्याची हद्द समोर दिसत होती आणि पथकाने अडवल्यावर तो मोटारसायकलवरून उतरून बाभळीखाली उभा होता. पळायचा प्रयत्न त्याने केलाच नव्हता. टाकीवर कागदात गुंडाळलेलं लुगडं दोन्ही हातांनी धरलेलं.

"सायेब, लांबथून देखू द्या. मी कोनले हात लावस नही. शेतमा उभा ऱ्हासू. तुमी संगे चाला, बेड्या घाला."

मी हद्दीपलीकडच्या ठाण्याला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने पोलीसपाटलाला विचारून कळवलं, की बातमी तिथवर पोचली आहे आणि बहिणीच्या सासरचं गाव वेशीवर काठ्या घेऊन बसलं आहे. आला तर आम्ही जबाबदार नाही. शिवाय गर्दी पुष्कळ होती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, पण तरण्या बाईचं प्रेत दारात असताना मर्यादा कोण पाळतो? तिथे हा गेला असता, तर गळ्यात पडून रडणाऱ्यांना मी कसं आवरणार होतो? आबांनी पाठीवर हात ठेवलाच होता. माणसं अशीच असतात, आणि रोगाला तेच हवं असतं.

मी त्याला नाही म्हणालो. आजही तेच म्हणेन.

एवढं केलं, की लुगडं रस्त्यावर ठेवायला सांगितलं. आमच्या हवालदाराने मोजे घालून ते उचललं, वरचा कागद बदलला आणि हद्दीवर पलीकडच्या पोलिसांच्या हाती दिलं. वेल्डर ते जाताना बघत राहिला. मग खाली बसून त्याने बहिणीला हाक मारली. लहानपणच्या नावाने असावी. माझ्या हवालदाराने तोंड फिरवलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात चेहऱ्याला लावायची बंदी होती.

रुग्णवाहिका यायला वेळ लागला. तोवर पलीकडून फोन आला. पोलिसांनी लुगडं नेलं, पण गावाने ते वेशीच्या आत घेतलं नाही. बाधिताच्या हातचं कापड नको म्हणाले. सासूने घरातलीच हिरवी साडी काढली आणि बाईला उचललं. ज्या गावाने माहेरच्या लुगड्यासाठी प्रेत दिवसभर ठेवलं असतं, त्याच गावाने ते बाहेरच्या बाहेर जाळून टाकलं.

वेल्डरने विचारलं, "पोचनं का?"

खोटं बोललो असतो तर चार दिवसांत त्याला कळलंच असतं. मी खरं ते सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मंग ती बिनमाहेरनी गई." रुग्णवाहिकेत तो स्वतःहून चढला.

याच्यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही. आठ-दहा दिवसांनी कापडवाले आबा आजारी पडले. श्वास लागला, जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं आणि तिथेच गेले. मुलांना तोंडही बघायला मिळालं नाही. ज्यांनी परक्याच्या मरणाला कापड दिलं, त्यांना प्लास्टिकमध्ये बांधून नेलं. संसर्ग कोणाकडून झाला, कोण सांगणार? त्याच आठवड्यात त्या गावात आणखीही बाधित निघाले होते.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. त्यांना वाटतं, माझ्याकडे काही तरी सूत्र असेल. माणसाचं स्वातंत्र्य एवढं, लोकांची सुरक्षितता एवढी, असं तराजूत टाकून दाखवता येईल. तसं काही नाही. चोर पकडला की मुद्देमाल समोर दिसतो. इथे मी काय वाचवलं ते कधीच दिसलं नाही. चोपड्याकडच्या त्या गावातली जी माणसं आजारी पडली नाहीत, त्यांना आपण वाचलो हेही माहीत नाही. आणि मी काय तोडलं, ते मात्र डोळ्यांसमोर आहे. कायदा पाळणाऱ्याला असं रिकाम्या हाताने घरी जावं लागतं, आणि याची सवय होत नाही.

पुढे शासनाने बंदीच्या काळातले तसले खटले मागे घ्यायचं ठरवलं. माझी निवृत्ती जवळ आली होती. वेल्डरला मी ठाण्यात बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. बहिणीची मुलं आता त्याच्याकडेच आहेत, असं कळलं. खटला मागे घेतल्याचं सांगितलं, तर त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. चहाला हात न लावता त्याने विचारलं,

"सायेब, त्या दिन माले जाऊ दिधं असतं, ते कोनी मरतं का?"

"माहीत नाही."

"माहीत नव्हतं तरी थांबाडं?"

"माहीत नव्हतं म्हणूनच थांबवलं."

त्याने मान हलवली. हे त्याला पटलं असावं, निदान कळलं असावं.

"आनी आबा? आबा मनामुये गया का?"

नोकरीत मी शेकडो माणसांना प्रश्न विचारून घाम फोडला होता. त्या दिवशी प्रश्न विचारणारा तो होता. "तेही माहीत नाही," मी म्हणालो.

तो उठला. दाराशी जाऊन थांबला आणि रागाने नाही, अगदी सरळ म्हणाला, "तुमनं बरं शे सायेब. माहीत नही ऱ्हायनं तरी तुमनं चालस."