मक्याचा चोथा

इथेनॉलच्या कारखान्यातून मक्याचा चोथा आणला. नवं खाद्य हळूहळू वाढवायचं असतं, म्हणून रोजची मापं मी गोठ्याच्या भिंतीवर लिहिली. पण आजारातून उठलेली आमची म्हैस, चंद्री, पेंडीत कालवून दिला तरी आंबूस वासानं तोंडच फिरवी. तिसऱ्या दिवशी तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

ह्यांनी चिमूटभर चोथा स्वतःच्या तोंडात टाकला. “बघ, मी खाल्ला. आता तू खा, बाई.”

“अहो, गुरांचं आहे ते!”

“असू दे. एकटीला नको वाटत असेल.”

लहान मुलांनाही आपण पहिला घास असाच आधी खाऊन दाखवतो. भूक असली तरी भरवसा लागतोच.

चंद्रीनं ह्यांच्या तळहातावरचा चोथा हुंगला आणि तळहात खरखरीत जिभेनं चाटूनपुसून साफ केला. दुसरी मूठ मी पुढे केली. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी मीही चिमूटभर खाल्ला.